रातिब बेच्या मेजावरचा काळा राजा

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात. रातिब बे, आमच्याकडचा बडा जमीनदार, मेला तेव्हा आमच्या मन्सूरात दुधाचा नुसता पूर आला. नदीकाठच्या त्याच्या हवेलीसमोर रंगीत कनातींचा शोकमंडप घातला होता, कुराण पढणारा थेट कैरोहून आणला होता, आणि पठणाच्या मधल्या वेळात एकेक जण उठून मयताच्या गुणांच्या माळा ओवत होता. मी मागच्या बाकावर बसलो होतो. हातात बिनसाखरेच्या कॉफीचा कप. मयताच्या मंडपातली कॉफी कडूच असते आणि तशीच असावी, पण ही करपलेली होती. माझा सगळा जन्म कॉफीच्या दुकानात गेलाय. कडू कुठलं आणि करपलेलं कुठलं, ते मला जिभेला लावायच्या आधी कळतं.

तोही राग मी गिळला असता. पण मग एक वकील उभा राहिला.

"या देशातला पहिला मोठा बुद्धिबळपटू आपल्या मन्सूरानं दिला," तो म्हणाला, "पण त्याला घडवला कुणी? गल्लीतल्या एका चटईवाल्याला अलेक्झांड्रियाच्या दिवाणखान्यात नेऊन बसवला कुणी? या माणसानं!"

माना डोलल्या. मग बेचा मुलगा फाइक बे उठला आणि त्यानं मखमलीच्या तुकड्यावर ठेवलेला बुद्धिबळातला एक काळा राजा सगळ्यांना दाखवला. "हा बाबांच्या मेजावर कायम असायचा," तो म्हणाला. "शेवटपर्यंत. कुणाला हात लावू दिला नाही त्यांनी. खेळावर एवढं प्रेम होतं."

सगळा मंडप हळहळला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो राजा माझा होता. माझ्या दुकानातल्या पटावरचा. तो त्या मेजावर कसा गेला हे मंडपातल्या निम्म्या दाढ्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि सगळे मूग गिळून बसले होते.

मला ते जमत नाही. कधीच जमलं नाही.

तो चटईवाला म्हणजे बैयूमी. माझ्या धाकट्या बहिणीचा, झकिय्याचा नवरा. माझं दुकान गल्लीच्या या अंगाला, त्याचा माग त्या अंगाला, मध्ये गाढवं आणि लसणाच्या गाड्या. बैयूमी मागावर बसून लव्हाळ्याची चटई विणायचा आणि तिथूनच ओरडून माझ्या गिऱ्हाइकांशी बुद्धिबळ खेळायचा. पट माझ्याकडे, मोहरी माझ्याकडे, त्याच्याकडे फक्त आवाज. "मुअल्लिम खमीस, माझा घोडा वजिराच्या उंटासमोर ठेव!" मुअल्लिम म्हणजे उस्ताद, दुकानाचा मालक. मी ठेवायचो. इकडे दोघे-तिघे डोकी एकत्र करून, दाढ्या ओढून विचार करायचे, तिकडे त्याची चटई वीतभर पुढे सरकायची. आणि शेवटी हे हरायचे. एकदा एका गिऱ्हाइकानं गुपचूप एक प्यादं एक घर पुढे सरकवलं, तर पलीकडून आवाज आला, "काका, त्याला पाय फुटले काय हो? मागे घ्या." सगळी गल्ली हसली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच अडलं. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर 'मात' म्हणत नाहीत. समोर बापाच्या वयाचा माणूस असेल आणि पुढच्याच खेळीत त्याचा राजा जाणार असेल, तर ती खेळी करायची नाही. उजवा हात उघडा करून पटाच्या कडेशी ठेवायचा आणि म्हणायचं, "काका, अमान," म्हणजे तुम्हाला अभय. मग म्हातारा आपला राजा स्वतः उचलतो आणि त्या तळहातावर ठेवतो. तो हरला, पण त्याला कुणी मारलं नाही, त्यानं आपणहून दिलं. जिंकणारा मग त्याला कॉफी पाजतो. माझ्या बापाच्या काळापासून दुकानात हेच चालत आलं. मला या रितीचा अभिमान होता. आता तिचं नाव निघालं तरी दात शिवशिवतात.

युद्धाच्या आधीची गोष्ट. अलेक्झांड्रियातल्या परदेशी कापूसवाल्यांच्या क्लबानं मोठी स्पर्धा ठेवली. जो पहिला येईल त्याला ते युरोपात खेळायला पाठवणार होते, तिथल्या नामांकित खेळाडूंसमोर. बैयूमीला दागिने, घर, जमीन कशाचीच हाव नव्हती. पण त्या बोटीची होती. रात्रंदिवस तेच. "मुअल्लिम, तिथले लोक कसे खेळतात ते एकदा बघायचंय. नुसतं एकदा. हरलो तरी चालेल." रातिब बे त्याला घेऊन जायला तयार झाला. गल्लीतली सगळी दुकानं बेच्या मालकीची, बैयूमीचा मागही त्याच्याच जागेत. बे फ्रेंच बोलायचा, क्लबात त्याची ऊठबस होती. आम्हाला वाटलं, देवच भेटला.

झकिय्यानं मला हट्टानं बरोबर धाडलं. "दादा, तुम्ही जाच. हे बेसाहेबांसमोर तोंड उघडत नाहीत. भूक लागली तरी सांगायचे नाहीत."

क्लबाच्या दारवानानं माझा झगा बघून मला आत सोडलं नाही. मी व्हरांड्याच्या खिडकीशी उभा राहिलो, गाडीवानांच्या घोळक्यात. तिथून सगळं दिसायचं. बैयूमी पहिल्या डावात बुजला, बरोबरीवर थांबला, पण मग त्यानं एकामागून एक सगळे लोळवले. शेवटचा डाव क्लबाचा अध्यक्ष खवाजा गाएतानो याच्याशी होता. परदेशी शेठला आमच्याकडे खवाजा म्हणतात. पांढरे कल्ले, सत्तरी ओलांडलेला, कापसाचा सगळ्यात मोठा व्यापारी. त्याचे गुण बैयूमीपेक्षा थोडे पुढे होते. डाव बरोबरीत सुटला तरी तो पहिला येणार होता. बैयूमीला मात्र जिंकायलाच हवं होतं.

आणि तो जिंकला. मी सांगतो, जिंकला. गाएतानोचा राजा आपल्याच प्याद्यांच्या मागे कोंडला होता आणि बैयूमीचा हत्ती शेवटच्या पट्टीत उतरला की खेळ खलास. खिडकीतून मला दिसत होतं, तर आतल्या माणसांना दिसत नव्हतं होय? पण हत्ती उतरलाच नाही. बैयूमीनं त्या म्हाताऱ्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, उजवा हात उघडा करून पटाच्या कडेशी ठेवला आणि म्हणाला, "काका, अमान."

गाएतानोनं त्या हाताकडे पाहिलं. मग पटाकडे. मग झटकन दोन्ही हातांनी तो हात धरून हलवला आणि उभा राहिला.

पंच आला. त्यानं बैयूमीला काहीतरी विचारलं, बैयूमी नुसता हसला. त्याला फ्रेंच येत नव्हतं. पंचानं बेकडे पाहिलं. त्या खोलीत फ्रेंचही येणारा आणि आमची रीतही जाणणारा असा एकच माणूस होता. बाकी वाढपी होते, पण वाढप्यांना कोण विचारतो? बेनं गाएतानोकडे पाहिलं, मिशीवरून बोट फिरवलं, आणि चार शब्द बोलला. पंचानं मान हलवली.

मला वाटलं, सांगितलं. मी शेजारच्या अनोळखी गाडीवानाला मिठी मारली. सगळ्या गाडीवानांना चिंचेचं सरबत पाजलं. असा मी शहाणा!

संध्याकाळी बक्षीस जाहीर झालं. बैयूमी आधीच उठून उभा होता, फेज टोपीचा गोंडा सारखा करत. नाव पुकारलं ते गाएतानोचं. टाळ्या वाजल्या. बैयूमी तसाच हसत उभा राहिला. त्यानं मला नंतर सांगितलं, त्याला वाटलं फिरंग्यांत हरलेल्याचं नाव आधी घेत असतील, त्याचा मान राखायला. टाळ्या थांबल्या, माणसं खुर्च्या सरकवून निघाली, दिवे घेऊन नोकर आले, आणि तो उभाच. शेवटी एका वाढप्यानं खिडकीशी येऊन मला सांगितलं, "तुमच्या बेनं बरोबरी सांगितली. म्हणाला, हा माणूस डाव सोडवायला हात पुढे करतोय."

परतीच्या वाटेत तंता स्टेशनावर गाडी बदलायची होती. बे पहिल्या वर्गातून उतरला, सिगारेट ओढत उभा राहिला. मी बैयूमीला ढोसून पुढे केलं.

"बेसाहेब," बैयूमी म्हणाला, "तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"तू हात पुढे केलास, तेच सांगितलं. खोटं आहे का?"

"पण त्या हाताचा अर्थ..."

"अर्थ कुणी विचारला नाही, पोरा." बेनं राख झटकली. "आणि जिंकायचंच होतं तर हत्ती खेळायचा. तुला कुणी अडवलं होतं? एवढं तोंड पाडू नकोस. पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष कधी आलंच नाही. त्या हंगामात बेचा सगळा कापूस मात्र खवाजा गाएतानोनं चढ्या भावानं उचलला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. परक्यानं लुबाडलं असतं तर मी दोन शिव्या देऊन विसरलो असतो. हा तर आमच्याच ओट्यावर आमचीच कॉफी पिऊन मोठा झालेला.

नंतर काय झालं ते सांगताना मला बैयूमीचाही राग येतो. बेच्या घरी पाहुणे आले की बैयूमीला बोलावणं यायचं. तो भिंतीकडे तोंड करून चार-चार पट एकदम खेळायचा, पाहुणे वाहवा करायचे, आणि शेवटी बेशी एक डाव व्हायचा. तो डाव तो हरायचा. दर वेळी. मग युद्ध आलं, गावात लाल चेहऱ्यांचे इंग्रज शिपाई आले, स्पर्धा बंद पडल्या, बोटी बंद पडल्या, आणि ज्या वयात डोक्यात आग असते ते त्याचं वय भिंतीकडे तोंड करून संपलं.

एकदा मी त्याला म्हटलं, "तुझ्या पाठीला कणा आहे की लव्हाळ्याची काडी?"

तो म्हणाला, "माग त्याच्या जागेत आहे, मुअल्लिम. उद्या उचलून फेकला तर झकिय्यानं काय शिजवायचं?" आणि मग जरा वेळानं, "मी तिथं हात पुढे केला ना, तो मला अजून मागे घेता आलेला नाही."

मी त्याला कॉफी दिली.

मग निवडणूक आली. रातिब बे उभा राहिला. कापसाचे भाव कोसळले होते, बेचा रुबाब उतरला होता, आणि त्याला आता गल्लीबोळातली माणसं आठवायला लागली होती. एका शुक्रवारी नमाजानंतर ढोल वाजवत तो माझ्या दुकानासमोर आला. ओट्यावर बसला, मोठ्यानं म्हणाला, "खमीस, पट काढ! बैयूमीला बोलाव. लोकांना बघू दे मी काय हिरा घडवलाय!"

बैयूमी गल्ली ओलांडून आला. बोटांना लव्हाळ्याचे तंतू चिकटलेले. पटासमोर बसला आणि म्हणाला, "बेसाहेब, आज खराखुरा डाव खेळायचा."

"म्हणजे एरवी खोटा होता होय?" बे हसला. लोकही हसले.

डाव फार लांबला नाही. बे काही वाईट खेळाडू नव्हता, पण इतकी वर्षं जिंकून जिंकून त्याला वाटायला लागलं होतं की आपण खरंच जिंकतो. काळी मोहरी त्याची होती. बघता बघता त्याचा राजा आपल्याच प्याद्यांच्या मागे कोंडला. तोच कोंडमारा, तीच शेवटची पट्टी. मी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. बैयूमीनं तो डाव मुद्दाम तिथवर आणला होता.

बेला तो कोंडमारा आठवला की नाही, देव जाणे. त्याला हरल्याचं मात्र कळलं, आणि कळताच तो गोड हसला. त्याला त्यातही फायदा दिसला. "वा रे बैयूमी! शिष्य गुरूला भारी पडला! लोकहो, बघा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं आपला काळा राजा उचलला आणि पुढे धरला. "घे. दे हात."

बैयूमीचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"बेसाहेब," तो म्हणाला, "आधी या लोकांना सांगा. उघड्या हाताचा अर्थ काय?"

"हे काय विचारणं झालं? शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"शेंबड्या पोराला नाही विचारत. तुम्हाला विचारतोय. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं ना? आज मी विचारतोय."

ढोलवाल्याचा हात थांबला. हुक्क्यातलं पाणीसुद्धा वाजेना. बेची मान लाल झाली. राजा धरलेला हात पटाच्या वर तसाच लटकत होता.

मसालेवाला हाजी शलबी गल्लीतला सगळ्यात वयस्कर. तो म्हणाला, "बैयूमी, माणूस म्हातारा आहे रे. हात दे. लाज राख."

"देतो ना, हाजी. त्यांनी एक वाक्य बोलावं. अलेक्झांड्रियात माझ्या हाताचा अर्थ काय होता, एवढंच. लगेच देतो."

बे पुढे वाकला आणि दातांमधून म्हणाला, "पोरा, लोक बघतायत."

"तेव्हाही बघत होते."

बेनं राजा आणखी पुढे रेटला. मग बैयूमीनं उजवा हात उचलला. सगळ्यांना वाटलं, आता उघडेल. त्या हातानं त्यानं हत्ती उचलला आणि शेवटच्या पट्टीत ठेवला.

"शह," तो म्हणाला. आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "मात!"

बे उठला. त्याला राजा खाली ठेवायचंही सुचलं नाही. मूठ आवळून तो लोकांमधून वाट काढत गेला आणि गाडीत बसला. ढोलवाले मागे मागे धावले.

आणि मग माझ्या गल्लीनं काय करावं? बैयूमीवर थुंकली. हो! ज्यांनी आयुष्यभर त्याच्या खेळावर टाळ्या पिटल्या, ते म्हणाले, याला रीतभात नाही. हाजी शलबीनं कप पालथा घातला. "या ओट्यावर म्हाताऱ्याला मात म्हणणारा पहिला तू," तो म्हणाला, आणि मला म्हणाला, "खमीस, हा इथं बसणार असेल तर आम्ही बसत नाही." मी म्हटलं, "मग उभे राहा." बरेच गेले. महिनाभरानं परतही आले, कारण बाकी सगळीकडे कॉफीत चणे दळून घालतात.

बे निवडून आला. बैयूमीचा माग आठवड्याच्या आत रस्त्यावर आला. तो उचलून मी माझ्या परसात बसवला. मागची ती तुकडाभर जागा तेवढी माझ्या बापाची होती. बैयूमी पुन्हा खेळला नाही. पटाला काळा राजा नव्हता, तिथं आम्ही साखरेचा खडा ठेवायचो. मुंग्या लागायच्या, कुणी बोलता बोलता राजा तोंडात टाकायचा. सुतार म्हणाला, नवा करून देतो. मी म्हटलं, नको. राहू दे रिकामं. विचारतील त्यांना सांगता येईल.

कुणी विचारलं नाही. आणि आता, इतक्या वर्षांनी, तो राजा मखमलीवर!

मी मंडपात उठलो. करपलेल्या कॉफीचा कप बाकाखाली ठेवला आणि सरळ पुढे गेलो.

"फाइक बे," मी म्हटलं, "त्या राजाच्या बुडाशी बघा. जळका डाग असेल. माझ्या दुकानातल्या हुक्क्याचा निखारा पडला होता त्याच्यावर."

त्यानं उलटा करून पाहिला. डाग होता.

"तुमच्या वडिलांनी तो प्रेमानं ठेवला नव्हता. ते तो द्यायला निघाले होते, पण घ्यायला हात मिळाला नाही. एक खरं वाक्य बोलले असते तर मिळाला असता. ते जमलं नाही म्हणून परत घेऊन गेले."

वकील म्हणाला, "कोण आहे हा माणूस?" हाजी शलबी, आता पार वाकलेला, पहिल्या रांगेतून माझी बाही ओढायला लागला. "खमीस, मयत झालीय रे. मेलेल्या माणसाबद्दल..."

"जिवंत असताना तुम्ही बोलू दिलं नाहीत, हाजी. आता मेल्यावरही नको? मग आम्ही बोलायचं कधी, कयामतीला?"

फाइक बेचा हात सैल पडला होता. मी राजा उचलला आणि चालू पडलो.

बैयूमी परसात बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, आता तो बोटांनीच विणतो. झकिय्या शेजारी भिजवलेल्या घेवड्याची सालं काढत होती. मी धापा टाकत म्हटलं, "बैयूमी, हात पुढे कर."

"काय आणलंयस?"

"बेचा राजा."

त्यानं हात पुढे केला नाही. माझ्या मुठीतून राजा दोन बोटांनी काढून घेतला, चाचपला, बुडाचा डाग अंगठ्यानं शोधला. झकिय्याचे हात थांबले. मला वाटलं, आता हा रडेल, आणि मी तर रडायला तयारच होतो.

"त्यानं दिला?" बैयूमीनं विचारलं.

"तो मेलाय. त्याचाच मंडप आहे ना."

"मग पोरानं दिला?"

"मी उचलला. सगळ्या गावासमोर उचलला! सगळं सांगितलं, एक शब्द शिल्लक ठेवला नाही!"

"मग नाही चालत, मुअल्लिम," तो म्हणाला. "हा उचलून आणायचा नसतो. हा द्यावा लागतो." त्यानं राजा माझ्या मुठीत परत कोंबला आणि चटईची कड चाचपायला लागला. "जा, पटावर ठेव. लोक किती दिवस साखरेनं खेळणार?"

मी एक सणसणीत शिवी हासडली. बेला, गावाला, की या आंधळ्या हट्टी माणसाला, ते माझं मलाच कळलं नाही. झकिय्या पुन्हा घेवडा सोलायला लागली, आणि मी दुकानात जाऊन राजाच्या घरातला साखरेचा खडा उचलून फेकला.